कागद कोणी शोधायचा?

वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आपल्याकडे मुलाला कोणी कागद मागायचा नसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे चौदावे कलम स्वच्छ सांगते की वयाचा दाखला नाही एवढ्याच कारणावरून शाळेने प्रवेश नाकारू नये. त्यामुळे रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या वरवण्याच्या किंवा रोह्यातल्या सानेगावच्या शासकीय आश्रमशाळेत कातकरी या आदिवासी जमातीतले पोर दाखल होऊ शकते ते गुरुजींनी अंदाजाने लिहिलेल्या जन्मतारखेवर. बहुधा १ जून, नाहीतर १ जानेवारी. पुढची काही वर्षे त्या तारखेवाचून कोणाचे काही अडत नाही. अडायला लागते ते दहावी-बारावीचा निकाल हातात आल्यावर. मग जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, आधारला जोडलेले बँक खाते, अशी रांग एकदम समोर येते. ती पुरी झाली तर फी सरकार भरणार. नाही झाली तर तोच मुलगा, त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून खुल्या गटाची पूर्ण फी भरणार.

कोणाला घरच्या दराने शिकवायचे आणि कोणाला परक्याच्या, हा वाद काही एकट्या रायगडचा नाही. सध्या तो सर्वांत कडवटपणे चालला आहे अमेरिकेत. तिथल्या सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या विद्यार्थ्याला एक फी असते आणि बाहेरच्याला तिच्या दुप्पट-तिप्पट. मग लहानपणी आईबापांचे बोट धरून बेकायदा आलेला, पण शाळा सगळी इथेच शिकलेला मुलगा घरचा की बाहेरचा? टेक्ससमधल्या टायलर गावच्या शाळा मंडळाने १९७७ मध्ये अशा मुलांकडून वर्षाला एक हजार डॉलर मागायला सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी त्या शुल्काचा आधारच काढून घेतला. आईबापांच्या वागण्याचे ओझे पोरांच्या डोक्यावर का, असा बहुमताचा सूर होता. पण तो निकाल शाळेपुरता होता. कॉलेजचे दार उघडे की बंद, हे कोणी सांगितले नाही. म्हणजे तिकडेही शिवण उसवते ती नेमकी आपल्याकडच्याच जागी, शाळा संपते तिथे.

१९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अट घातली की बेकायदा राहणाऱ्याला निव्वळ ‘निवासा’च्या जोरावर उच्च शिक्षणात सवलत द्याल, तर ती देशातल्या कुठल्याही नागरिकाला, तो तुमच्या राज्यात राहत नसला तरी, द्यावी लागेल. २००१ मध्ये टेक्सस आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांनी यातून वाट काढली. कॅलिफोर्नियाची वाट विशेष चतुर होती. निवास बघूच नका, शाळा बघा. राज्यातल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षे काढली आणि तिथूनच उत्तीर्ण झाला, तर फी घरची. २०१० मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही युक्ती ग्राह्य धरली, कारण तीन वर्षे तिथे शिकून परराज्यात गेलेल्या नागरिकालाही तोच लाभ मिळत होता. पुढे वीसेक राज्ये या वाटेने गेली. ॲरिझोनात २०२२ मध्ये लोकांनी थेट मतदानाने, काठावरच्या बहुमताने, हे मान्य केले. आणि मग वारे फिरले. २०२५ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने टेक्ससवर दावा लावला, राज्याने बचावच केला नाही आणि काही तासांत चोवीस वर्षांचा कायदा निकालात निघाला. सवलत देणाऱ्यांतले पहिले राज्य ती सोडणाऱ्यांत सामील झाले. फ्लोरिडाने त्याच वर्षी आपला २०१४ चा कायदा मागे घेतला.

दोन्ही बाजूंचे म्हणणे थोडक्यात असे. एक बाजू म्हणते, कायदा मोडून आलेल्याला सवलत आणि शेजारच्या राज्यातल्या नागरिकाला तिप्पट फी, हा कुठला न्याय? दुसरी म्हणते, हा मुलगा इथेच राहणार, इथेच कमावणार, त्याचे आईबाप खरेदीवर आणि घरभाड्यातून कर भरतातच. बारा वर्षे ज्याच्यावर खर्च केला त्याला शेवटच्या पायरीवरून ढकलण्यात राज्याचा फायदा कोणता? मला दुसरी बाजू पटते. मात्र कॅलिफोर्नियाच्या त्या युक्तीत आपल्यासाठी जे सापडते ते त्या वादाहून मोलाचे वाटते. शाळेचे हजेरीपत्रक हाच राहण्याचा पुरावा.

आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयात पोहोचला तो अमेरिकेच्या बराच आधी. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्यातल्या मुलांना कॅपिटेशन फी माफ होती आणि बाहेरच्यांना वर्षाला तेराशे ते पंधराशे रुपये जादा पडत. त्या काळाच्या मानाने ही रक्कम जबर. दिल्लीचा रहिवासी असलेल्या एका विद्यार्थ्याने दाद मागितली. घटनेच्या पंधराव्या कलमाने जन्मस्थानावरून भेदभावाला बंदी आहे, मग हे कसे चालते? सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये, ‘डी. पी. जोशी’ खटल्यात, बहुमताने सांगितले की जन्मस्थान वेगळे आणि निवास वेगळा. राज्य आपला पैसा खर्च करते तेव्हा आपल्या रहिवाशांना झुकते माप देऊ शकते, कारण शिकलेला माणूस पुढे तिथेच सेवा करण्याची शक्यता असते. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी वेगळे मत नोंदवले. महाविद्यालयाने ‘रहिवासी’ शब्दाची जी व्याख्या केली होती तिच्यावरच त्यांचा आक्षेप होता. सत्तर वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत, सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर जागांसाठी निवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. एमबीबीएसच्या पायरीवर मात्र ते चालू आहे. आपल्याकडे सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्यातल्या मुलांना मिळतात त्या याच परंपरेतून.

आपले राज्य ‘घरचा’ कोण हे ठरवताना कधी किती सैल होते आणि कधी किती घट्ट, हे बघण्यासारखे आहे. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशात ‘महाराष्ट्र राज्य उमेदवारी’चे पाच प्रकार आहेत. दहावी-बारावी इथे झाली असेल आणि जन्म किंवा अधिवास इथला असेल तर अ प्रकार. आईवडिलांपैकी कोणाचा अधिवास इथला असेल तर ब. पुढचे दोन सरकारी नोकरांच्या मुलांसाठी. आणि पाचवा प्रकार बेळगाव, निपाणी, कारवार, बिदर या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी. म्हणजे ज्या गावांवर आज कर्नाटकाचे राज्य चालते, त्या ८६५ गावांतले मूल महाराष्ट्राच्या हिशेबात घरचे. मला हा पाचवा प्रकार मनापासून आवडतो. राजकीय नकाशा काही म्हणो, प्रवेशाच्या अर्जात राज्याने आपले मन मोकळे केले आहे. मन एवढे मोठे करता येते, हे सिद्ध झाल्यावर कातकरी वाडीवरच्या मुलासाठी ते का आकसते हा प्रश्न अधिक बोचतो.

दुसऱ्या टोकाला १९९० चा एक निकाल आहे. आंध्रातल्या अनुसूचित जमातीतला एक मुलगा नऊ वर्षांचा असताना वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आला. वडिलांना सरकारी उपक्रमातली ती नोकरी जमातीच्या राखीव जागेवरच मिळालेली. मुलगा शिकला मुंबईत आणि वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी त्याला सांगण्यात आले की तुझी जमात आंध्रात, इथे तू खुला. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजविरुद्धच्या या ‘मर्री चंद्रशेखर राव’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे म्हणणे उचलून धरले. जमातीचे मागासपण त्या त्या राज्याच्या परिस्थितीतून ठरते, ते गाडीत बसवून दुसरीकडे नेता येत नाही, असा त्यातला विचार. याची गंमत, खरे तर क्रूर गंमत, अशी की लमाण कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एकाच समाजाची तीन घरे तीन राज्यांत पूर्वापार राहत असतील तर त्यांची पोरे तीन वेगळ्या रकान्यांत बसतात.

आता पेण-रोह्याकडे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांचा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प पेणमध्ये आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत राज्यात कातकऱ्यांची संख्या पावणेतीन लाखांच्या वर होती आणि त्यांचा मोठा भाग रायगड-ठाण्यात. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल सरकारचे झाले तसा तो धंदा गेला आणि हे लोक कोळसा आणि वीट यांच्या भट्ट्यांवर गेले. मिलिंद बोकील यांच्या ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ या पुस्तकात ही वाटचाल तपशीलवार आली आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. वर्षाचा फेरा मात्र सांगायला हवा, कारण कागदाचे दुखणे त्या फेऱ्यात आहे. भातकापणी झाली, दिवाळी सरली की कुटुंब भट्टीवर जाते. कोणी खालापूर-पनवेलकडे, कोणी पार कर्नाटकात. परतणे मृगाच्या तोंडावर. भट्टीवर मूल जन्मले तर त्याची नोंद ना तिथल्या ग्रामपंचायतीत ना इथल्या.

वाडी कोणाच्या तरी खासगी जमिनीवर किंवा वनखात्याच्या हद्दीत. घराखालची जागा नावावर नाही म्हणून अनेकांना घरपट्टी लागलेली नाही. घरपट्टीची पावती नाही म्हणून राहण्याचा पुरावा नाही. (भूदानाच्या विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्याच गागोद्याचा. हे आठवून इथे उसासा टाकण्याखेरीज काही करता येत नाही.) जमातीच्या दाखल्यासाठी लागतो तो ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून कुटुंब राज्यात राहत असल्याचा पुरावा. राष्ट्रपतींनी अनुसूचित जमातींची यादी काढली तो हा दिवस. पुराव्यात सर्वांत वजनदार मानले जाते ते आजोबा-पणजोबांचे शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र किंवा त्यांच्या नावाचा सातबारा. ज्या जमातीला शाळा आणि जमीन दोन्ही मिळाली नाहीत म्हणून यादीत घातले, तिच्याकडेच शाळेचा आणि जमिनीचा कागद मागायचा. कायद्याचा हेतू आणि कायद्याचा फॉर्म यांची गाठ पडत नाही ती अशी.

एका तालुक्याच्या सेतू केंद्राबाहेर जूनमध्ये उभे राहून बघितले की बारकावे कळतात. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले कागद निघतात. आश्रमशाळेच्या दाखल्यावर आडनाव ‘हिलम’, रेशनकार्डावर ‘हिलीम’, आधारवर बापाच्या नावापुढे आडनावाच्या जागी ‘कातकरी’. तिन्ही माणसे एकच आहेत हे वाडीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण खिडकीतला ऑपरेटर काय करणार, संगणक तिघे म्हणतो. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्र करा. जुना एखादा कागद निघालाच तर त्यावर जिल्हा ‘कुलाबा’; १९८१ साली नाव बदलून रायगड झाले हे नव्या मुलाला समजावून सांगावे लागते. तेवढ्यात सर्व्हर जातो. बापाचा मजुरीचा दिवस बुडालेला असतो आणि पाऊस लागल्यामुळे मालकाकडे आवणाला न गेल्याबद्दल बोलणीही खायची असतात. अर्जदार अठरा वर्षांची मुलगी असेल तर ती दुसऱ्या दिवशी एकटी येते. तिसऱ्या दिवशी बहुतेक येत नाही.

जातीचा दाखला ही अर्धी वाट. तो मिळतोही, तलाठ्याची स्थानिक चौकशी, गृहभेट यांची सोय नियमांत आहे आणि मनावर घेणारा प्रांत असला की शिबिरात एका दिवसात दाखल्यांचा गठ्ठा निघतो. खरा घाट पुढे आहे. अभियांत्रिकी, फार्मसी, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना राखीव जागेवर बसायचे तर वैधता प्रमाणपत्र हवे, आणि ते देणारी कोकण विभागाची तपासणी समिती ठाण्याला. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाकडे आधीची वैधता असेल तर काम सोपे होते. उच्च न्यायालयाने तसे सांगितलेले आहे. म्हणजे घराण्यातल्या पहिल्याने डोंगर चढायचा आणि बाकीच्यांनी पायवाटेने जायचे. ज्या वाडीत बारावी झालेलीच पहिली पिढी आहे, तिथे प्रत्येक जण पहिला. बीए, बीकॉमला वैधतेची सक्ती नाही. पेणच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयात किंवा रोह्याच्या डॉ. चिं. द. देशमुख वाणिज्य आणि ताम्हाणे कला महाविद्यालयात ज्या वाडीवरच्या मुली-मुलांनी कला शाखा घेतली, त्यांतल्या किती जणांनी ती आवडीने घेतली आणि किती जणांनी कागदाच्या धास्तीने, हे विचारून बघावे. चिंतामणराव देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते तेव्हा त्यांच्या रोह्यात हा प्रश्नच नव्हता, कारण वाडीवरून तिथवर कोणी येत नव्हते.

वैधतेची ही चाळण आली कुठून? ती उगाच आलेली नाही, हेही नीट सांगायला हवे. १९७६ च्या कायद्याने जमातींवरची क्षेत्रबंधने उठली आणि नामसाधर्म्याचा फायदा घेऊन दावे वाढले. कोळी म्हणून नोंद असलेले महादेव कोळी झाले, कोष्टी हलबा झाले. १९९४ मध्ये ‘माधुरी पाटील’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समित्यांची पद्धत घालून दिली. २००१ मध्ये राज्याचा कायदा लागू झाला, आणि २०१७ मध्ये ‘बहिरा’ खटल्यात न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळवलेली जागा किंवा नोकरी टिकणार नाही असे ठणकावले. कडक तपासणीची मागणी सर्वांत जोरात आदिवासी संघटनाच करत आल्या आहेत, आणि त्यांचे बरोबर आहे. त्यांच्या मुलांच्या जागा गेल्या. २०२३ मध्ये न्यायालयाने चालीरीती, बोली, देवदेवतांवरून घेतली जाणारी आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी मानू नये असे स्पष्ट केले, त्याने काहींना दिलासा मिळाला. पण या सगळ्या गाजलेल्या खटल्यांतली नावे बघा: हलबा, कोळी, ठाकूर, मन्नेरवारलू. यातल्या बहुतेक ठिकाणी मिळत्याजुळत्या नावाचा दुसरा समाज शेजारी आहे. कातकरी या नावाला असा जुळा भाऊ नाही. कातकरी म्हणवून घेण्यासाठी रांग लावलेली मी तरी ऐकलेली नाही. तरीही चाळण सगळ्यांना एकच. चोर पकडायला लावलेल्या जाळ्यात घरधनी अडकतो आहे.

यावर उपाय नाही असे म्हणणाऱ्यांनी २०२३ चा सप्टेंबर आठवावा. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने सरकार हलले आणि निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मग राज्यभर तहसील, भूमिअभिलेख, शाळा, पोलीस, तुरुंग यांची जुनी दप्तरे उघडली, मोडी वाचणारे जाणकार बसवले, निजामाच्या नोंदींसाठी मंडळी हैदराबादेला गेली. पन्नास लाखांहून अधिक कुणबी नोंदी सापडल्याचे सरकारनेच सांगितले. मराठ्यांना कुणबी दाखले देण्याची मागणी योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवू. त्यातून सिद्ध झाले ते एवढेच की पुरावा शोधण्याचे काम अर्जदाराचेच असते असा काही निसर्गनियम नाही. सरकारला घाम फुटला की सरकार शोधते.

कातकऱ्यांसाठी शोधायचे तर दप्तरेही आहेत. रायगडात इंग्रजी अमलापासून दळी जमिनी आहेत. वनखात्याने डोंगरउतारावरचे पट्टे कातकरी, ठाकूर कुटुंबांना नाचणी-वरीसाठी लावून दिले आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींवरून पुढे वनहक्काचे दावे लढवले गेले. सुरेखा दळवी, उल्का महाजन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या भागात त्यासाठी वर्षानुवर्षे झीज सोसली. आणि २००६ चा वनहक्क कायदा तर पुराव्याच्या बाबतीत फारच शहाणा आहे. त्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन हाही पुरावा आहे आणि ग्रामसभेचा ठराव हा दाव्याचा पाया आहे. याच कातकऱ्याला याच आजोबांच्या जबानीवर एकर-दीड एकर वनजमीन मिळू शकते. नातवाला कॉलेजची फी माफ व्हायला मात्र ती जबानी तेवढ्या वजनाची नाही. जमिनीपेक्षा फी मोठी झाली का?

दरम्यान जन्मनोंदीची वाट आणखी अरुंद झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्म प्रमाणपत्र हाच शाळाप्रवेशापासून आधारपर्यंतचा मुख्य पुरावा ठरला आहे. २०२५ च्या सुरुवातीला मालेगाव आणि इतर ठिकाणी बांगलादेशी नागरिकांनी उशिरा नोंदणीचे दाखले मिळवल्याचे आरोप झाले. राज्याने असे दाखले देणे थांबवले आणि मार्चमध्ये कडक पडताळणीची नवी पद्धत आणली. घुसखोराला दाखला मिळू नये, याला कोण नाही म्हणेल? पण अमेरिकेतल्या वादाची सावली आपल्यावर पडते ती इथे. परका शोधण्यासाठी लावलेली अट पहिल्यांदा लागते ती भट्टीवर जन्मलेल्या घरच्या पोराला, कारण उशिरा नोंदणीची गरज त्यालाच असते.

उलट दिशेचा प्रयत्नही चालू आहे. १५ नोव्हेंबर २०२३ ला झारखंडमधल्या खुंटीहून सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ योजनेत देशातले ७५ असुरक्षित गट आहेत आणि २४,१०४ कोटी रुपयांची तरतूद. घरे, रस्ते, पाणी यांच्याबरोबर आधार, रेशनकार्ड, जातीचे दाखले वाडीवर जाऊन द्यायचे असे ठरले. शिबिरे झाली, दाखले निघाले. पहिल्यांदाच ऑपरेटर वाडीवर आला, हे लहान काम नव्हे. वैधता मात्र शिबिरात मिळत नाही.

रोह्याची गोष्ट इथे थोडी वेगळी होते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत आणि पेणजवळ डोलवीच्या पोलाद कारखान्याभोवती उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांच्या चाळी आहेत. त्यांची पोरे मराठी शाळेत शिकतात, कातकऱ्यांच्या पोरांपेक्षा त्यांचे मराठी कधीकधी पुस्तकाला जास्त जवळचे असते. पंधरा वर्षांच्या सलग वास्तव्याचा पुरावा जमला तर अधिवास मिळतो. इतर मागासवर्गीय म्हणून सवलत हवी असेल तर कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून इथले असायला हवे, ते कुठून असणार? गावी जो मागास, तो धाटावला खुला. इथे मी मर्री खटल्याच्या बाजूने आहे, निम्मा. जागा राज्याबाहेर जाऊ नयेत हे मला मान्य आहे. कातकऱ्याची मोजकी जागा दुसऱ्या राज्याच्या यादीतल्या कोणाला द्यायला मी तयार नाही. पण जागा आणि फी या दोन गोष्टी आपण उगीच एका दावणीला बांधल्या आहेत. अमेरिकेत भांडण फीचे आहे, जागेचे नाही. म्हणून तिथे हजेरीपत्रकाने भागते. आपल्याकडे वैधता हुकली की जागाही जाते आणि फीची माफीही. राखीव जागा ही दुसऱ्या कोणाच्या वाट्यातून येते, तिथे तपासणी कडक हवीच, फक्त असुरक्षित गटांच्या बाबतीत कागद शोधण्याचे काम समितीने करावे. फीचे तसे नाही. ज्याने पहिलीपासून दहावीपर्यंत राज्यातल्या शाळेत हजेरी लावली आणि ज्याच्या बापाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्याची फी भरायला १९५० कशाला आणि १९६७ तरी कशाला? आश्रमशाळेतल्या मुलाचे तर दहा वर्षांचे जेवणखाण सरकारच्याच वहीत आहे.

हे परकेपण आपल्याला परके नाही, हे पुण्या-मुंबईतल्या वाचकाला सांगायची गरज पडू नये. एच-१बी व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांत हाच प्रश्न जेवणाच्या टेबलावर आहे. तीन वर्षांची असताना गेलेली मुलगी एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर वाढते, अनेक राज्यांत तिला घरची फीही मिळते. ग्रीनकार्डाची रांग भारतीयांसाठी इतकी लांब की एकविसावे पूर्ण होते तेव्हा ती रांगेतच असते. मग आश्रित म्हणून तिचा हक्क संपतो. विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याची फी भरायची, नाहीतर जो देश आठवतही नाही तिथे परतायचे. २०१२ मध्ये ओबामांनी बेकायदा आलेल्या मुलांसाठी जी सवलत काढली तीत ही मुले बसत नाहीत, कारण ती सवलत जाहीर झाली त्या दिवशी त्यांचे कागद नियमित होते. आईबाप नियमाने वागले हाच त्यांचा गुन्हा. अशा घरांतून ‘आम्ही सगळा कर भरला, मुलगी इथेच वाढली’ असे ऐकू येते, आणि ते अगदी खरे आहे. हेच वाक्य वाडीवरून किंवा धाटावच्या चाळीतून आले की त्याच नात्यातल्या कोणाला ते फुकटेपणाचे वाटते, याचे नवल करावे तेवढे थोडे.

सगळे कागद पुरे झाले तरी एक गोष्ट उरते. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नये असे शासनाने वेळोवेळी बजावले आहे. पण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून पैसे येतात उशिरा, कधी पुढच्या वर्षी, आणि कॉलेजांनाही पगार, वीजबिल असते. म्हणून खिडकीवर तोंडी सांगितले जाते, आधी भरा, आले की परत देऊ. हे घडते जून-जुलैत. भट्टीची कमाई तोवर संपलेली असते आणि लावणीची मजुरी रोजच्या तांदळात जाते. मग मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल श्रावणातच घेतली जाते. उचल ठरते ती घरातून भट्टीवर किती हात येणार त्यावर, आणि फीसाठी जादा पैसे मागितले की मुकादम विचारतो, पोरगाही येणार ना?